जीर्णोद्धाराच्या पाटीवर बोल्टचं नाव नसतं

"काका, ते आत जाणार आहे. कोण बघणार?"

हे वाक्य ऐकलं तेव्हा मी दहावीत होते. गोरेगाव पश्चिमेच्या उद्योगनगरात बाबांचा एक गाळा होता. दोन लेथ, एक ड्रिल मशीन, एक ग्राइंडर आणि एक हेल्पर. शाळा सुटली की मी डबा घेऊन तिकडे जायचे. त्या दिवशी एक कॉन्ट्रॅक्टर आला होता. शहरातल्या एका जुन्या दगडी इमारतीची दुरुस्ती चालू होती आणि सुट्या झालेल्या दगडांना मागच्या भिंतीशी जखडायला स्टेनलेसचे आटेरी रॉड हवे होते. १२ मिलिमीटर जाडीचे, वीतभर लांबीचे, काहीशे नग. ग्रेड ३१६. माल त्यानेच आणून टाकला होता, सोबत सर्टिफिकेटही होतं. बाबांनी फक्त कापून आटे पाडायचे होते.

बाबांनी एका रॉडवर टेस्टिंगचे दोन थेंब टाकले, बॅटरीची वायर टेकवली आणि थांबले. ३१६ असता तर रंग बदलायला हवा होता. बदलला नाही. दुसरा रॉड, तिसरा रॉड, तेच. कागदावर ३१६ लिहिलं होतं आणि हातात दुसरंच काहीतरी होतं. बाबांनी माल परत न्यायला सांगितलं, तेव्हा तो माणूस हसून वरचं वाक्य म्हणाला. रॉड दगडात जाणार, वरून चुना बसणार. कोण बघणार?

बाबांनी ते काम केलं नाही. तो माणूस पुन्हा आला नाही, आणि त्याच्याकडून येणारं बाकीचं कामही बंद झालं. ते रॉड दुसऱ्या कुठल्यातरी गाळ्यात कापले गेले असणार. ती इमारत आज दुरुस्त होऊन उभी आहे. तिच्या दारात संगमरवरी पाटी आहे. पाटीवर बऱ्याच जणांची नावं आहेत.

हा लेख त्या पाटीबद्दल आहे.

आधी-नंतरचे फोटो

मुंबईत जुन्या इमारतींच्या जीर्णोद्धाराला गेल्या वीसेक वर्षांत बरे दिवस आले आहेत. भाऊ दाजी लाड संग्रहालय, राजाबाई टॉवर, रॉयल ऑपेरा हाउस, फ्लोरा फाउंटन, काळा घोड्याचं डेव्हिड ससून ग्रंथालय. यांतली बरीच कामं मनापासून झाली आहेत, काहींना युनेस्कोची दाद मिळाली आहे, आणि एक मुंबईकर म्हणून मला त्यांचा अभिमान आहे. तक्रार त्या कामांबद्दल नाही. आपण त्या कामांबद्दल ज्या पद्धतीने बोलतो, तिच्याबद्दल आहे.

एखादी इमारत दुरुस्त झाली की आपल्या फोनवर दोन फोटो येतात. डावीकडे काळवंडलेला दगड, लोंबणाऱ्या वायरी, पिंपळाचं रोप. उजवीकडे पिवळसर धुतलेला दगड, रंगीत काचा, संध्याकाळचे दिवे. आपण हार्ट टाकतो आणि पुढे जातो. वर्तमानपत्रांतली परीक्षणंही फार वेगळी नसतात: किती कोटी लागले, किती महिने लागले, उद्घाटनाला कोण आलं. सिनेमाचं परीक्षण कुणी पोस्टर बघून लिहिलं तर आपण त्याला हसू. वास्तूचं परीक्षण मात्र पोस्टर बघूनच लिहिलं जातं.

गोरेगावात राहिल्यामुळे मला हे जरा जास्त खुपतं. आमच्याकडे फिल्म सिटी आहे. तिथे वाडा, महाल, किल्ल्याचा बुरूज, हवं ते काही दिवसांत उभं राहतं. प्लाय, प्लास्टर ऑफ पॅरिस, चुका आणि खिळे. कॅमेऱ्याला दिसतं तेवढंच खरं, आणि शूटिंग संपेपर्यंत टिकलं म्हणजे झालं. त्यात फसवणूक काही नाही, कारण सेट स्वतःला सेटच म्हणवतो. पण दीडशे वर्षांच्या दगडी इमारतीकडेही आपण सेट बघावा तसं बघायला लागलो, तर "कोण बघणार?" म्हणणारा तो कॉन्ट्रॅक्टर बरोबर ठरतो.

लोखंड फुगतं

मुळात या जुन्या दगडांना बोल्ट लागतात कशाला?

मुंबईच्या व्हिक्टोरियन इमारती नुसत्या दगडावर दगड ठेवून झालेल्या नाहीत. भिंतीचा दगड स्वतःच्या वजनाने बसतो. पण बाहेर झुकलेले सज्जे, कठड्याचे खांब, टोकावरचे कळस, कोरीव प्राण्यांची मुंडकी यांना आतून आधार लागतो. एकोणिसाव्या शतकात त्यासाठी लोखंडी आकडे आणि खुंट्या वापरायची सर्रास पद्धत होती. दोन दगडांत खाचा करायच्या, आकडा बसवायचा, सांधा भरून टाकायचा.

लोखंडाला पाणी आणि हवा मिळाली की गंज चढतो. गंज मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा घेतो. मोकळ्या गजावर त्याचे पापुद्रे सुटतात. पण दगडाच्या पोटात जागाच नसते, म्हणून तो दगडाला आतून ढकलतो. आधी केसासारखी चीर पडते. त्या चिरेतून अजून पाणी जातं, अजून गंज चढतो, आणि एका पावसाळ्यात कोपरा खाली येतो. मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि बाराही महिने खारा वारा वाहतो. लोखंड दगडात कोंडून ठेवायला याहून वाईट गाव शोधून सापडायचं नाही.

हे जुन्या कारागिरांना ठाऊक नव्हतं असं नाही. अथेन्सचं पार्थेनॉन बांधणाऱ्या ग्रीकांनी संगमरवराचे ठोकळे लोखंडी पट्ट्यांनीच जोडले. पण पट्टीभोवती शिसं ओतलं. शिसं मऊ असतं आणि पाणी आत जाऊ देत नाही. आपल्याकडेही सिंधुदुर्गाच्या पायात शिसं ओतल्याचं लहानपणापासून सांगितलं जातं. पार्थेनॉनमधले पुष्कळसे मूळ जोड दोन हजार वर्षांहून अधिक टिकले.

आणि मग त्याच पार्थेनॉनची दुरुस्ती झाली. १८९८पासून पुढची तीन दशकं निकोलाओस बालानोस या इंजिनिअरने कोसळलेले खांब पुन्हा उभे केले. त्याने नवे लोखंडी जोड वापरले, पण बहुतेक ठिकाणी शिशाचं आवरण गाळलं. १९३१ साली अथेन्सला जगभरचे तज्ज्ञ जमले, जुन्या वास्तूंच्या दुरुस्तीचे पहिले आंतरराष्ट्रीय ठराव तिथे झाले. आधुनिक साहित्य वापरायला हरकत नाही, मात्र ते शक्यतो लपलेलं असावं, असं त्या जाहीरनाम्यात आहे. बालानोसचं काम त्या मंडळींनी जागेवर जाऊन पाहिलं. फोटोत ते उत्तमच दिसत होतं. पुढच्या काही दशकांत त्याचं लोखंड फुगलं आणि अडीच हजार वर्षं टिकलेला संगमरवर फुटू लागला. १९७५ साली नवी समिती नेमून त्याचे जोड काढायचं काम हाती घ्यावं लागलं. त्या जागी टायटॅनियम आलं. ते काम अजूनही पूर्ण संपलेलं नाही.

लपलेल्या जोडाची गंमत ही की तो फसल्याचं कळायला पन्नास वर्षं लागतात. तोवर पाटीवरची माणसं गेलेली असतात.

'स्टील म्हणजे स्टील' नव्हे

१९१३ साली इंग्लंडमधल्या शेफील्डला हॅरी ब्रिअर्ली बंदुकीच्या नळ्या झिजू नयेत म्हणून प्रयोग करत होता. त्यातून क्रोमियम मिसळलेलं, सहज न गंजणारं पोलाद हाती लागलं. पुढच्याच दशकात लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलच्या दुरुस्तीत घुमटाभोवती स्टेनलेसची साखळी आवळली गेली. म्हणजे जुन्या वास्तू सांभाळण्यासाठी हा धातू वापरणं ही काही कालची टूम नाही. शंभर वर्षांचा अनुभव गाठीशी आहे.

पण आपल्याकडे 'स्टील' या एका शब्दात सगळं घुसतं. डब्याचं स्टील, रेलिंगचं स्टील, बोल्टचं स्टील. बाबांच्या गाळ्यात मात्र ती वेगवेगळी माणसं असल्यासारखी ओळखली जायची. ३०४ म्हणजे साधारण १८ टक्के क्रोमियम, ८ टक्के निकेल. ३१६ म्हणजे त्यात वर दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम, जे समुद्राच्या खाऱ्या हवेत कामाला येतं. आणि २०२ म्हणजे निकेल महाग म्हणून त्यातलं बरंचसं काढून मँगनीज घातलेलं स्वस्त भावंडं. दिसायला तिन्ही तितकीच चकचकीत. दुकानदार लोहचुंबक लावून "बघा, चिकटत नाही, ओरिजिनल" म्हणतो, त्यावर जाऊ नका. २०२सुद्धा चिकटत नाही. उलट चांगल्या ३०४चा बोल्ट थंड ठोकून घडवलेला असेल तर किंचित चिकटतो.

चांगल्या बोल्टच्या डोक्यावर खूण असते. 'ए२' म्हणजे ३०४च्या घराण्यातला, 'ए४' म्हणजे ३१६च्या. पुढे ७० किंवा ८० असा ताकदीचा आकडा. मुंबईत समुद्राजवळच्या दगडी इमारतीत काय घालावं, याचं गाळ्यातलं उत्तर एका अक्षरात होतं: ए-फोर. एका सज्जाचं धातूचं बिल त्या सज्जाच्या पराती बांधायच्या खर्चाहून कमी भरेल. तरीही घोटाळा नेमका तिथेच होतो, कारण तिथे कुणी बघत नाही.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर हे कंपनीचं माहितीपत्रक होईल. स्टेनलेस म्हणजे 'कमी डाग', 'कधीच नाही' असं नव्हे. त्याला वाचवतो तो पृष्ठभागावरचा क्रोमियम ऑक्साइडचा अतिसूक्ष्म थर. हवा मिळत राहिली की ओरखडा पडला तरी तो थर पुन्हा धरतो. बंद, ओल्या, खारट फटीत मात्र त्याची दमछाक होते. १९८५ साली स्वित्झर्लंडमधल्या उस्टर गावी पोहण्याच्या तलावाचं काँक्रीटचं छत कोसळून १२ माणसं मेली. छत स्टेनलेसच्या सळयांनी टांगलेलं होतं, इमारत जेमतेम १३ वर्षांची होती. हवेतल्या क्लोराइडने ताणाखालच्या सळयांना बाहेरून दिसणार नाहीत अशा चिरा पाडल्या होत्या. वरून सगळं चकाचक.

आणखी एक गोष्ट. स्टेनलेस उन्हात दगडापेक्षा जास्त प्रसरण पावतं. स्टेनलेस आणि साधं लोखंड ओलाव्यात एकमेकांना टेकलं तर लोखंड आधी झपाट्याने खाल्लं जातं. म्हणून नव्या बोल्टखाली जुनी गंजकी पट्टी तशीच ठेवली तर दुरुस्ती म्हणून रोगच पसरतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं: जोड दगडाहून मजबूत असणं चांगलं नसतं. अ‍ॅक्रॉपोलिसवरचे टायटॅनियमचे जोड मुद्दाम असे बेतलेले आहेत की भूकंपाचा हिसका बसला तर आधी जोड वाकावा, संगमरवर तुटू नये. जोड पुन्हा करता येतो. फिडियासच्या काळातला दगड पुन्हा करता येत नाही.

काळा घोड्यावरचा रविवार

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी मी बाबांना काळा घोड्याला घेऊन गेले. आयुष्यभर जुन्या इमारतींसाठी सुटे भाग कापलेल्या या माणसाने त्यांतली एकही इमारत निवांत पाहिली नव्हती. "माल गेला की आपलं काम संपलं," असं त्यांचं म्हणणं.

महात्मा गांधी रस्त्यावर एका ओळीत चार इमारती आहेत. एस्प्लनेड मॅन्शन, आर्मी अँड नेव्ही बिल्डिंग, डेव्हिड ससून ग्रंथालय आणि एल्फिन्स्टन कॉलेज. पुस्तकाची चार पानं वाचावीत तशा त्या वाचता येतात.

ससून ग्रंथालय १८७० सालचं. त्याचा पिवळसर दगड म्हणजे मालाड स्टोन, आमच्या गोरेगावच्या शेजारच्या स्टेशनचा. आम्ही लोकलने तासभर प्रवास करून आपल्याच शेजारच्या डोंगराला भेटायला आलो होतो, हे बाबांना फारच आवडलं. २०२३ साली या इमारतीचा जीर्णोद्धार पूर्ण झाला. मध्यंतरी कधीतरी घातलेला काँक्रीटचा स्लॅब काढून पुन्हा उतरतं छप्पर बसवलं गेलं. माझ्या मते त्या कामातला हाच सगळ्यात मोठा निर्णय आहे. रंगीत फरशा आणि काचा सुंदर आहेतच, पण पाणी कुठून कुठे जाणार हे ज्याने ठरवलं, त्याने इमारत वाचवली. पाणी नाही तर गंज नाही. सर्वांत उत्तम बोल्ट तो, जो कोरडा राहतो.

बाबा वर बघतच नव्हते. ते सज्जांच्या खाली बघत होते. म्हणाले, "पावसात धुतलं जातं तिथे मीठ टिकत नाही. आडोशाला बघावं. तपकिरी ओघळ दिसला की समजायचं, आत लोखंड आहे." त्यांनी एका जुन्या भिंतीवर बोट दाखवलं. सांध्यातून उतरलेली चहाच्या रंगाची बारीक रेघ. मी त्या रस्त्याने शेकडो वेळा गेले असेन, मला ती रेघ कधी दिसली नव्हती.

ओळीच्या टोकाला एस्प्लनेड मॅन्शन, म्हणजे एकेकाळचं वॉटसन्स हॉटेल. १८६०च्या दशकातली बिडाची सांगाडा-इमारत. सुटे भाग इंग्लंडमध्ये ओतून जहाजाने आणले आणि इथे जोडून उभे केले. १८९६ साली ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं भारतात पहिल्यांदा इथेच दाखवली गेली. आमच्या फिल्म सिटीची आजीच म्हणा. २००५ साली तिचा काही भाग कोसळून माणूस दगावला, २०१९ साली राहणाऱ्यांना बाहेर काढलं. पाडावी की वाचवावी, यावर कोर्टकचेऱ्या झाल्या.

या इमारतीत जोड लपलेले नाहीत. ती म्हणजेच जोड. बाबा बराच वेळ तिच्यासमोर उभे होते. मग म्हणाले, "ही बांधणाऱ्याने काही झाकलं नाही. पण नंतरच्यांनी बघितलंच नाही."

या एका वाक्यात मला सगळ्या प्रश्नाची दुसरी बाजू सापडली. जोड दिसतो का लपलाय, हा मुद्दा दुय्यम आहे. कुणीतरी ठरावीक काळाने त्याच्याकडे बघतं का, आणि बघायचं तर कुठे बघायचं हे कुणी लिहून ठेवलंय का, हा खरा मुद्दा.

नोंद

१९६४ साली व्हेनिसला जुन्या वास्तूंबद्दलचा जो जाहीरनामा झाला, तो जगभरचे जीर्णोद्धारतज्ज्ञ आजही प्रमाण मानतात. त्याच्या दहाव्या कलमाचा आशय असा की पारंपरिक पद्धत अपुरी पडली तर आधुनिक तंत्र वापरा, पण ज्याचा गुण शास्त्राने आणि अनुभवाने सिद्ध झालाय तेच. बाराव्याचा असा की नवा भाग जुन्यात शोभावा, पण जुना म्हणून खपू नये. या दोन्ही कलमांवर चर्चासत्रं होतात. शेवटचं, सोळावं कलम मात्र फारसं कुणी काढत नाही. त्यात म्हटलंय की कामाच्या प्रत्येक टप्प्याची चित्रं-फोटोंसह नेमकी नोंद ठेवा, ती एखाद्या सार्वजनिक संस्थेच्या दप्तरात जमा करा, अभ्यासकांना खुली करा. प्रसिद्धही केलीत तर उत्तम.

माझी मागणी एवढीच आहे. लोकांच्या पैशाने किंवा लोकांच्या नावाने दुरुस्त झालेल्या प्रत्येक वारसा-इमारतीची अशी नोंद कुणालाही बघता यावी. कुठल्या दगडात, कुठल्या ग्रेडचा, किती लांबीचा रॉड, कुठल्या तारखेला बसवला. कारखान्यातून निघालेल्या प्रत्येक घाण्याला एक नंबर असतो, तो सर्टिफिकेटवर छापलेला असतो. तोही लिहा. आणि साइटवर आलेल्या मालातला एखादा नग कुणा तिसऱ्याकडून तपासून घेतला का, तेही. पाटीवर जागा नसेल तर एक क्यूआर कोड लावा. हॉटेलच्या मेनूला लावतो, तसा.

यावर दोन आक्षेप मी ऐकले आहेत. पहिला: एवढ्या बारीकसारीक गोष्टीत लोकांना रस नसतो. नसेलही. पण पन्नास वर्षांनी त्या सज्जावर शिडी लावून चढणाऱ्या इंजिनिअरला असेल, आणि तोवर आपल्यापैकी कुणी सांगायला असणार नाही. दुसरा: चुना, शिसं, लाकूड अशा जुन्या पद्धतींनीच काम करा, धातूची भानगडच नको. हा आक्षेप मला अर्धा मान्य आहे. जिथे नुसत्या चुन्याने भागतं तिथे बोल्ट घुसवणं हा अत्याचार आहे. दगडाला पाडलेलं भोक बुजवता येतं, न पाडलेलं करता येत नाही. पण ज्या सज्जाखालून रोज हजारो माणसं चर्चगेटची गाडी पकडायला धावतात, तिथे परंपरेच्या नावाखाली लोंबता दगड ठेवता येणार नाही.

आणि खरं सांगायचं तर ही मागणी काहीशी खाजगीही आहे. बाबांनी परत पाठवलेला तो माल कुठे गेला, हे मला आजही सांगता येत नाही. ती इमारत मला माहीत आहे, दगड माहीत नाहीत. कदाचित पुढच्या गाळेवाल्यानेही नकार दिला असेल, आणि शेवटी खरा माल आला असेल. कदाचित नसेल. नोंद खुली असती तर मी मोबाइलवर पाहिलं असतं आणि निश्चिंत झाले असते, किंवा रीतसर अर्ज केला असता. आज माझ्या हातात फक्त एक संगमरवरी पाटी आहे.

परतताना बोरिवली लोकलमध्ये खिडकी मिळाली. बाबांनी विचारलं, "तुझ्या त्या लेखात माझं नाव घालणार का?"

मी म्हटलं, "नाही बाबा. ग्रेड घालते."

"चालेल," म्हणाले. "ए-फोर लिही. आणि माल तपासून घ्या म्हणावं."